उसाच्या रसाचं पथ्य

आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. बिस्किटांचे पुडे, केळी, पाव, ग्लुकोजची पावडर. माणूस जितका जास्त आजारी, तितकं जास्त गोड. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर या सगळ्याचा ढीग झाला होता, आणि भरीला रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या गुऱ्हाळावरून उसाच्या रसाचा कॅन येत होता. रस आप्पांसाठी होता. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठली होती आणि ती उतरावी म्हणून अख्खं गाव त्यांना साखर पाजत होतं.

मी बेळगावात नोकरी करते, कॅम्पात एक खोली घेऊन राहते. शाळाही कॅम्पातच झाली, इंग्रजी माध्यमाची, वसतिगृहात राहून. शनिवारी संध्याकाळी निपाणीला उतरायचं, तिथून आप्पा गाडीवरून न्यायला येतात. आमचं गाव कोगनोळीच्या नाक्याच्या थोडं अलीकडे, हमरस्त्यापासून आत आहे. गावात माझं स्थान थोडं विचित्र आहे. कुणाच्याही घरी दवाखान्याचा इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे येतो. मी तो वाचून दाखवते. त्यानंतर मी त्याचा अर्थ सांगायला लागले की लोक उठतात. वाचायला मी चालते, सांगायला चालत नाही. शिवाय मला चारचौघांत बोलायची सवय नाही. वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असतो.

आप्पांच्या उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं तेव्हा निपाणीच्या डॉक्टरांना खड्याचा संशय आला. सोनोग्राफीत खडा निघाला नाही. लिव्हर मोठं झालंय आणि त्यात चरबी आहे, असं निघालं. मी त्यांना आणि आईला बेळगावला मोठ्या डॉक्टरांकडे आणलं. तिथे लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी झाली. दारू पीत नाहीत हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तंबाखूच्या मुलखात जन्म काढून आप्पांनी तंबाखूसुद्धा कधी मळली नाही.

डॉक्टर कन्नड बोलणारे, पण मराठी नीट यायची. त्यांनी समजावून सांगितलं. "सगळ्यांना वाटतं ही चरबी तेलातुपाची आहे. तुमच्याकडं ती जास्त करून भाताची आणि गोडाची असते. भात, चपाती, पोहे, साखर, गूळ, पोटात गेल्यावर सगळ्याची साखरच होते. लागेल तेवढी अंग वापरतं. थोडी लिव्हर साठवून ठेवतं. त्याच्यावर आली की लिव्हर तिची चरबी करतं आणि ती स्वतःतच मुरवतं. गोडातला अर्धा भाग तर जवळजवळ सगळा लिव्हरलाच निस्तरावा लागतो."

आप्पांनी मान हलवली. आईनंही हलवली.

"भात मूठभर. भाकरी एक. डाळ, उसळ, भाजी, अंडी खावा. गूळ म्हणजेसुद्धा साखरच. रोज चाला, वजन उतरवा. आत्ता कडक व्हायला नुकती सुरुवात झालीय, इथनं परत येता येतं. गुढीपाडव्याच्या सुमारास परत दाखवा. तेव्हा वाढलेलं असलं तर पुढचं मला सांगता येणार नाही."

एवढं स्पष्ट. मी एसटीत बसून मनातल्या मनात यादी करत होते: मटकी, मूग, अंडी, मेथी. मला वाटलं होतं, आजार कळला, औषध कळलं, आता काय राहिलं?

घरी पोचलो तर सोप्यात आत्या बसलेली. आत्या आप्पांची थोरली बहीण, आमच्याच गल्लीत दिलेली. आमच्या घरात पाणी तापवायचं की नाही हेसुद्धा ती ठरवते.

"काय म्हणाला रं डागदर?"

आप्पांनी चप्पल काढली, पाय धुतले, टॉवेल घेतला आणि म्हणाले, "कावीळ म्हणाला."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कावीळ नाही, आत्या," मी म्हणाले. "लिव्हरमध्ये चरबी..."

"तेच ते," आप्पा म्हणाले. "पोटातली कावीळ. तू जा, च्या ठेव जा."

चहा ठेवताना मला वाटलं की त्यांना कळलं नसेल. डॉक्टर भरभर बोलतात, शब्द नवे असतात. पण आमच्या घरात लिव्हर हा शब्द नवा नव्हता. आप्पांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही थोरले आण्णा म्हणायचो, ते लिव्हरनं गेले. दारूनं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. तेव्हापासून आमच्याकडे लिव्हर म्हणजे अंगातला एक भाग नाही, माणसावर बसलेला शिक्का आहे. "त्येचं लिव्हर गेलं" असं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, सगळे मान डोलावतात.

दुसऱ्याच दिवशी आत्या आप्पांना घेऊन नाक्यापलीकडे कागलच्या बाजूला गेली, कावीळ उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे. मीही गेले, कारण रजा काढलेली होती आणि आईनं डोळ्यांनी सांगितलं, जा. घर साधं होतं, अंगणात तुळस, ओट्यावर पाच-सहा माणसं बसलेली. त्यांनी आप्पांच्या हाताला कसला तरी पाला चोळला. मग पितळी परातीत चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगितले. पाणी पिवळं झालं. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं.

"बघितलंस?" आत्या मला म्हणाली. "हे तुझ्या मशिनीत दिसतंय व्हय?"

माझ्या पर्समध्ये आप्पांच्या रक्ताचा रिपोर्ट होता, काविळीचा आकडा अगदी जिथे असायला पाहिजे तिथे. पाला तुमचा, चुना तुमचा, मग माझ्या हाताला चोळून बघा, माझंही पाणी पिवळं होईल, हे वाक्य मी जुळवलं. पण मी बोलले नाही, कारण आप्पांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. ते परातीतल्या पाण्याकडे बघत होते आणि त्यांचे खांदे खाली आले होते. बेळगावच्या दवाखान्यातून निघाल्यापासून वर चढून बसलेले खांदे.

मग पथ्य सांगण्यात आलं. तेल बंद, तूप बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद, मटण-मासे बंद. ताकभात. चिरमुरे, फुटाणे. खडीसाखर चघळायची. आणि सकाळ-संध्याकाळ ताज्या उसाचा रस, पोट भरेल तेवढा.

डॉक्टरांनी जे खा म्हटलं होतं ते सगळं बंद झालं आणि जे सोडा म्हटलं होतं तेच औषध झालं. मुद्दाम ठरवूनही इतकं नेमकं उलटं कुणाला जमलं नसतं. आणि ते आमच्याकडे, जिथे नजर जाईल तिथे ऊस उभा असतो आणि थंडीत अख्ख्या रस्त्याला गुऱ्हाळाचा वास येतो.

तो हिवाळा मी फोनवर काढला. रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना मी आईला फोन करायची.

"काय जेवले?"

"ताकभात. दुसरं कायबी न्हाय बघ. भाजी नुसती पाण्यात उकडलेली. तेलाचा थेंब न्हाय घातला."

आईच्या आवाजात अभिमान असायचा. तिनं खरोखरच कष्ट घेतले होते. दोन स्वयंपाक करायची, फोडणीचा धूरसुद्धा आप्पांच्या ताटाकडे जाऊ नये म्हणून त्यांचं आधी उरकायची. मला तिच्यावर चिडताही यायचं नाही.

"भात किती?"

"आता उकडलेल्या भाजीवर काय हुतंय? भूक लागतीया त्येस्नी. भात घेत्यात जरा जास्त."

"आणि रस?"

"रस पित्यात की. दोन तांबे."

"आई, रस बंद करा. तेल एक वेळ चालेल. रस नको, भात नको."

"तेल चालंल?" आई हसायची. "आगं, चरबी हाय म्हणतीस, आन तेल चालंल म्हणतीस. तुझं तुलाच कळंना झालंय."

चरबी तेलाची असते. हे इतकं सरळ आहे की त्याच्यापुढे माझं बोलणं मलाच खोटं वाटायचं. भात पांढरा, कोरडा, हाताला ओशट लागत नाही. रस तर झाडाचा. त्याची चरबी कशी होईल? मी खोलीत बसून रात्रीच्या जेवणाआधी वाक्यं तयार करायची, गावातल्या मराठीत घालून बघायची. माझ्या तोंडून ती भाषणासारखी येतात.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी एकदा नीट प्रयत्न केला. आप्पा सोप्यात सुपातून चिरमुरे खात बसले होते. शेजारचे मामा आले होते. ते नात्यानं मामा नाहीत, सगळ्या गल्लीचे मामा आहेत आणि त्यांच्या जिभेला कुंपण नाही. मी ठरवून आप्पांच्या समोर बसले.

"आप्पा, गुऱ्हाळावर रस किती येतो आणि पिऊन किती संपतो?"

"पिऊन कुठं संपतोय? आदनाला जातोय की सगळा."

"बरोबर. पिऊन उरलेला रस कढवतात, त्याच्या ढेपा करतात आणि खोलीत रचून ठेवतात. लिव्हर तेच करतं. तुम्ही भात खाल्ला, रस प्यायला, अंगाला लागला तेवढा लागला. उरलेल्याच्या लिव्हर ढेपा करतं. फक्त त्या गुळाच्या नसतात, चरबीच्या असतात. आणि ठेवायला खोली एकच आहे."

आप्पांचा हात सुपात थांबला. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगू शकते, त्यांना कळलं होतं.

"लई भारी," मामा म्हणाले. "मग सौदा कुठं लावायचा त्या ढेपांचा? निपाणीत का कोल्हापुरात?"

आप्पा हसले. सुटका झाल्यासारखे हसले आणि मूठ भरून चिरमुरे तोंडात टाकले. "पोरगीला शेतीतलं कळाय लागलं बगा," ते म्हणाले, आणि विषय उसाच्या तोडीकडे गेला.

मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी आई-आप्पा परत बेळगावला आले. मी स्टँडवरून त्यांना घेतलं तेव्हाच मला दिसलं, शर्टाचं पोटावरचं बटण ताणलं होतं. हात बारीक, गाल बारीक, आणि पोट पुढे. आई म्हणाली, पथ्यानं वाळलेत. वजनकाट्यानं ते वाढलेत म्हणून सांगितलं. तपासणी झाली. कडकपणा वाढला होता.

डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघितले. मग चष्मा वर करून आप्पांकडे बघितलं, आणि त्यांच्या नेहमीच्या मराठीत न विचारता कन्नडमध्ये विचारलं, "कुडितीरेन्री?"

पिता का? आमच्याकडे एवढं कन्नड लहान पोरालाही येतं.

आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, ते तसेच राहिले. आईचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, जरा मऊ आवाजात, मराठीत. "लपवू नका. रोज नसंल, कधी तरी. मला खरं सांगा. त्याशिवाय एवढ्यात एवढं वाढायचं नाही."

"रस पितात," मी म्हणाले.

"कसला रस?"

"उसाचा. दोन वेळा. आणि भात. तेल, अंडी, डाळ सगळं बंद केलंय."

"कुणी सांगितलं?"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. मी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग आप्पांना नाही, मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात ना?"

मी रिपोर्ट गोळा करून पर्समध्ये घातले.

अजून हाताबाहेर गेलेलं नाही, असं ते शेवटी म्हणाले. पण पुढच्या वेळेला असं परत झालं तर तुमचं तुम्ही बघा. दसऱ्याला दाखवा.

बाहेर पडल्यावर आई म्हणाली, खडेबाजारात जाऊया. खव्याचा कुंदा घ्यायचा होता. बेळगावला येऊन कुंदा न घेता गावी परतायचं तिच्या हिशोबात बसत नाही. आत्याला, मामांना, रस पाठवणाऱ्या प्रत्येकाला थोडा-थोडा. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. आप्पा रस्त्याच्या पलीकडे एका बंद शटरपाशी उभे होते, गर्दीकडे पाठ करून. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. जो प्रश्न टाळण्यासाठी ते कावीळ कावीळ म्हणत राहिले, तोच त्या काविळीच्या पथ्यानं त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. हे मला त्यांना सांगायचं होतं. रस्ता ओलांडेपर्यंत ते स्टँडच्या दिशेनं चालू लागले होते.

मी त्यांच्याबरोबरच गावी गेले. सोप्यात आत्या होतीच, शेजारी झाकण लावलेला कॅन.

"काय म्हणाला?"

"उतरली," आप्पा म्हणाले. "कावीळ उतरली. आता रस नको म्हणाला."

मला एक क्षण हायसं वाटलं. खोटं बोलून का होईना, रस तर सुटला. बोलू दे, असं मी मनाशी म्हटलं. मग आत्या उठली, आप्पांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती आईला म्हणाली, "उद्या पोळ्या घाल गं. इतकं दिस पथ्य केलंय माझ्या भावानं."

रविवारी पुरणपोळ्या झाल्या. गुळाचं पुरण, मैद्याची पारी, कटाची आमटी, भात, कुरड्या, आणि बरोबर बेळगावचा कुंदा. पाठवलेल्या रसाची परतफेड म्हणून चार-पाच घरची माणसं पंगतीला. मामा पहिल्या पाटावर. तेलातुपाची बंदी उठली म्हणून पोळीवर तुपाची धार. मी वाढत होते. आप्पांच्या ताटात आत्यानं दोन पोळ्या ठेवल्या, त्यांनी एक मोडली. आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"आप्पांना कावीळ झालीच नव्हती."

पंगत थांबली. मला माहीत नव्हतं की चारचौघांत बोलणं इतकं सोपं असतं. वाक्य जुळवलंच नव्हतं, म्हणून असेल. "लिव्हर खराब होतंय. ते या असल्या जेवणानं होतंय, भातानं, रसानं, पोळीनं. काल डॉक्टरांनी सांगितलं, वाढलंय."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "लिव्हर?" ते म्हणाले. मग आप्पांकडे वळून, हसत, पण पूर्ण हसू नाही, "काय आप्पा, थोरल्याची गादी चालवाय लागलासा काय? आन आमाला बोलावलं पण न्हाय कदी बसाय."

दोघं-तिघं हसले.

"भातानं कुणाचं लिव्हर जातंय व्हय रं?" कुणी तरी मागून म्हणालं.

मी आप्पांकडे बघत होते. एक वाक्य. व्हय, भातानंच, डॉक्टरनं सांगितलंय, एवढं एक वाक्य ते बोलले असते तरी झालं असतं. त्यांनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला.

"पोरगी इंग्लिश शाळेतली," ते म्हणाले. "कागद वाचती आन घाबरती. जेवा तुमी."

आणि ते जेवले. दोन्ही पोळ्या, वर भात. मी तिथेच उभी राहून बघितलं. आईनं माझ्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेतलं आणि मला आत पाठवलं.

चार वाजता त्यांनी मला निपाणीला सोडायला गाडी काढली. स्टँडवर बेळगावची गाडी लागलेली नव्हती. आम्ही कडेच्या झाडाखाली उभे राहिलो.

"सगळ्यांम्होरं बोलाय नको हुतं," आप्पा म्हणाले.

"मग कुठं बोलू? घरात बोलले, फोनवर बोलले, गुऱ्हाळाचं उदाहरण देऊन बोलले. तुम्हाला कळतच नाही."

"कळलंय मला. पयल्यांदा डागदरनं सांगितलं तवाच कळलं हुतं."

"मग रस का पीत होता?"

"रस पितोय म्हणजे कावीळ हाय, आसं वाटत हुतं लोकांस्नी. न्हाय प्यालो तर इचारणार, मग काय झालंय? काय सांगू? लिव्हर?"

"हो. लिव्हर. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे."

"तुला न्हाय कळायचं." त्यांनी गाडीच्या आरशावरची धूळ बोटानं पुसली. "तुझं बगायचं हाय आजून. पोराकडची माणसं थेट घरी येत न्हाईत. आदी फाट्यावर च्या प्यायला थांबत्यात, पानपट्टीवर इचारत्यात, घर कसं, बापाला काय नाद हाय काय. मी सोता किती जणांचं सांगितलंय तितं बसून. थोरल्याच्या पोरीचं दोनदा मोडलं, ते कशानं मोडलं? कुणी तरी तितं म्हणालं, बाप लिव्हरनं गेला. झालं."

मला वाटलं होतं मी त्यांच्यावर जितकी चिडायची तितकी चिडून झाले आहे. ते खरं नव्हतं. अख्खा हिवाळा मी ज्याच्याविरुद्ध भांडत होते, ते सगळं माझ्या नावावर घातलं होतं. दोन वेळचा रस माझ्यासाठी, सुपातले चिरमुरे माझ्यासाठी, आजच्या दोन पोळ्यासुद्धा माझ्यासाठी. कुणा न बघितलेल्या पोराकडच्या, फाट्यावर चहा पिणाऱ्या माणसांसाठी. आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

"असल्या घरात मला जायचंच नाही," मी म्हणाले.

"आसं म्हणतीस आता."

"मी म्हणते ना, नाही जायचं. माझं मी बघेन. तुम्ही भात सोडा."

"भात कसा सुटंल गं? कमी करतो."

"किती कमी?"

"बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. शाळेच्या सहलीपासून मला हे माहीत आहे. तेवढ्यात गाडी लागली, माणसं दाराकडे धावली, आप्पांनी माझी बॅग उचलून पुढे घुसून खिडकीतून सीटवर टाकली आणि झालं, संपलं असा चेहरा करून बाजूला झाले. मी चढले. दारातच थांबले, पायरीवर, दांडी धरून.

"किती कमी, आप्पा?"

ते खालून वर बघत राहिले. मागून एक बाई तिची पिशवी माझ्या पाठीत ढकलत होती. कंडक्टर "हत्री, हत्री" म्हणजे चढा, चढा करत सगळ्यांना आत लोटत होता, त्यानं मला कन्नडमध्ये विचारलं, चढायचंय की उतरायचंय? मी हलले नाही. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मी आयुष्यात कधी कुणाची वाट अडवून उभी राहिले नव्हते. पण मला एक गोष्ट दिसली. आप्पा माझ्याकडे बघतच नव्हते, ते त्या खिडक्यांकडे बघत होते.

"लिव्हरसाठी भात किती कमी करणार, ते सांगा," मी म्हणाले. लिव्हर हा शब्द मी मुद्दाम मोठ्यानं म्हटला.

"अर्धा," आप्पा घाईनं म्हणाले. "अर्धा करतो. बस जा आता, बस आत."

कंडक्टरनं घंटी ओढली. मी सीटपाशी पोचले, बॅग बाजूला केली, खिडकीतून डोकं काढलं. कशाचा अर्धा, पूर्वीच्या भाताचा की रसाच्या दिवसांतल्या, आणि पोळीचं काय, गुळाचं काय, हे विचारायचं होतं. ते गाडीला किक मारत होते, माझ्याकडे पाठ करून. आमची एसटी वळली.